पत्र्याचा आवाज

आमच्या गावात चर्चची एक भिंत देवाची,
दुसरी चेंडूची.
मी जन्मभर दुसरीसमोर उभा राहिलो.

या खेळात हातात काही नसतं.
नुसता तळवा, आणि लोकर गुंडाळून कातड्यात शिवलेला
दगडाच्या जातीचा चेंडू.
डोंगरापलीकडचे विचारतात,
भिंतीवर हात मारून घ्यायला डोकं लागतं का?
नाही लागत. म्हणून तर साठ वर्षं टिकलो.

आठवडाभर बस चालवायचो, गाव ते पाम्प्लोना.
सोमवारी सुजल्या हातानं गिअर टाकताना
पहिल्या बाकावरची दूधवाली विचारायची,
हरलास की जिंकलास?
सूज दोन्हीची सारखीच, बाई.

पुढे पोरांना शिकवायला लागलो. फुकट. बायको म्हणायची, तेवढीच तुझी किंमत.
तळव्याला पट्ट्या कुठे जाड चिकटवायच्या, कुठे पातळ.
डावा हात आळशी असतो, त्याला आधी उठवा.
डाव्या हाताचा मळ वगैरे इथे काही नसतं,
डाव्या हाताचं हाड असतं.
त्यातला एकही मोठा खेळाडू झाला नाही.
एक दाताचा डॉक्टर झाला, माझी दाढ त्यानेच काढली.

हातचं राखून खेळू नका, असं ओरडायचो
आणि स्वतःच्या बेरजेतला हातचा एक
तसाच मुठीत धरून होतो.

सांगतो.
एकोणऐंशी साल, गावच्या जत्रेचा रविवार.
अंतिम सामना, मी आणि बित्तोर.
माझा उजवा हात पावासारखा फुगलेला.
बित्तोरच म्हणाला, ठेव पायरीवर.
बूट काढून माझ्या तळव्यावर उभा राहिला,
अख्ख्या वजनानं, सूज दबेपर्यंत,
सिगरेट ओढत, गाईंच्या खुरांबद्दल बोलत.
आमच्यात असं असतं.
ज्याला हरवायचं, त्याचा हात आधी बरा करायचा.

एकवीस-एकवीस.
भिंतीच्या पायथ्याशी पत्रा असतो,
चेंडू त्याला लागला की टण्ण, की गुण समोरच्याचा.
माझा लागला.
कानाआधी तळव्याला कळलं.
पण त्याच क्षणी वर बाराचे टोले सुरू झाले
आणि तेवढासा टण्ण
त्या पितळी गदारोळात कुणाला सापडला नाही.
पंचाने हात माझ्या बाजूला केला.
बित्तोर चेंडू कुठे गेला ते बघत होता.
विजेत्याची काळी रुंद टोपी माझ्या डोक्यावर आली.
फोटोत मी हसतोय, दाढ आहे अजून.

टोपी कपाटावर असते. तिला कसर लागली आहे.

गेल्या मंगळवारी सरावाला सहा पोरं
आणि एनेरित्स, वय अकरा, नाक कायम वाहतं.
तिचा फटका इतका चोख की समोरचा थांबलाच,
मी गुण बोलूनही मोकळा झालो.
ती म्हणाली, "लागला."
"पत्र्याला? मला नाही ऐकू आलं."
"मलापण नाही. पण लागला."
आणि चेंडू त्या पोराकडे टाकून दिला,
चुकून आपल्याकडे राहिलेली दुसऱ्याची छत्री
परत करावी तसा.

मी म्हणालो, जा, पाणी पिऊन या सगळे.
आणि भिंतीला हात टेकून उभा राहिलो.
हात टेकले म्हणतात, ते बहुतेक हेच.

शनिवारी अजून बित्तोरबरोबर पत्ते खेळतो,
सायडरच्या एका बाटलीवर, ती तोच जिंकतो.
बाराचे टोले सुरू झाले की
तो पानं पालथी ठेवतो,
बाराही टोले मोजल्यासारखा गप्प बसतो,
आणि मग माझ्याकडे बघून म्हणतो,
"हं. तुझी पाळी."

पंचेचाळीस वर्षं मी समजत होतो,
माणूस भाविक आहे.