हा नव्हे

बुसानच्या इस्पितळात, सहाव्या मजल्यावर
नर्स वडिलांच्या मनगटाला नावाची पट्टी बांधते
आणि सहज विचारते, एनेबिश म्हणजे काय हो?
कोरियन मला कामापुरतं येतं,
मासे सोलण्यापुरतं, भाडं भरण्यापुरतं.
मी सांगते, हा नव्हे.
ती पट्टी सोडायला लागते.
अहो थांबा. नावच तसं आहे.

आजीला आधी दोन मुलगे झाले होते.
थोरला अल्तानगेरेल, सोन्याचा उजेड.
मधला मोंखबात, कायमचा, भक्कम.
एक गोवराने गेला. एक नुसताच गेला, रात्रीतून,
सकाळी तंबूच्या छतातल्या भोकातून ऊन उतरलं
तेव्हा त्याच्या अंगावरची लोकर तेवढी गरम होती.
चांगल्या नावाचा आवाज लांब जातो, आजी म्हणायची,
आमच्या झावखानच्या माळावर तर फारच लांब,
अडवायला झाड नाही.

तिसऱ्याच्या कपाळाला तिने चुलीची काजळी फासली,
मुलीची टोपी घातली,
आणि दाराशी येऊन कुणी विचारलंच, हा का तो,
तर उत्तर आधीच पाळण्यात ठेवून दिलं.

एकाहत्तर वर्षं पुरलं ते.
दोनदा घोड्यावरून पडले, एकदा बर्फात चुकले,
एकदा खाणीचं छत बसलं.
कुणीतरी वाकून बघून गेलं असणार,
हा नव्हे, म्हणत परत फिरलं असणार.

शेजारच्या खाटेवर मुन मान-सू.
नावाचा अर्थ, दहा हजार वर्षं आयुष्य.
त्र्याऐंशी झाली, म्हणतो, राहिली
नऊ हजार नऊशे सतरा,
तेवढ्यात मूत्रपिंड दुरुस्त होईल की.
आई मात्र त्याला दोल-स्वे म्हणायची, दगड-लोखंड.
हे सांगताना तो लाजतो, चादर नीट करतो.
त्या नावाने हाक मारणारं आता कुणी नाही.

खिडकीपाशी याव, घानाचा खलाशी,
दोरखंडात पाय चिरडलेला.
याव म्हणजे गुरुवारी जन्मलेला.
कळा सुरू झाल्या बुधवारी संध्याकाळी,
पण आईने मध्यरात्र उलटेपर्यंत दात आवळून धरले,
कारण बुधवारचा क्वाकू घरात एक होताच,
तिचा दीर, आणि अट्टल दारुडा.
आज वार कोणता, याव रोज सकाळी विचारतो,
नाव जागेवर आहे ना, चाचपून बघावं तसा.

रात्री मला झोप नाही.
आजीने ते नाव मंगोल भाषेत ठेवलं,
मंगोल माळावर फिरणाऱ्या त्याच्यासाठी.
इथला, या बंदरातला,
जो लिफ्टची वाट न बघता जिने चढून येतो,
त्याला आमची भाषा येत असेल का?
त्याला एनेबिश म्हणजे नुसता आवाज,
कुणाच्याही नावासारखं एक नाव,
वर त्याच्याच लिपीत छापलेलं, मनगटावर, ठळक.
मी पट्टीवर वडिलांची बाही ओढून ठेवते.
ती पुन्हा वर सरकते.

सहाला स्ट्रेचर आलं.
दाराशी दुसरीच नर्स, हातात यादी, तोंडावर मास्क.
एनेबिश? हेच का?
नियमच आहे त्यांचा, मोठ्याने विचारायचं
आणि घरच्या माणसाने मोठ्याने सांगायचं.
याव कोपरावर उठून बसला.
मान-सूने कानातलं यंत्र चाचपडत लावलं.
माझ्या तोंडात आजीचं उत्तर तयार होतं,
गिळायला वेळ लागला.
हो, म्हटलं. हाच.

वडिलांनी एक डोळा उघडला.
हळू बोल ना, म्हणाले.
कुणी ऐकेल.