माया

अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट.
खाली सही: बिल्किस शिकलगार,
ब्लाउज, झंपर, पिको-फॉल, सोमवार पेठ.
धंदा कुणी विचारला नव्हता. तिनं लिहिला.

माहिती हवी: आमच्या बोळातली गटार
कागदावर किती लांब आहे?

वहीत दोनशे बारा मीटर.
तिनं आधीच मोजली होती,
गळ्यातल्या दीड मीटरच्या टेपनं,
एक टोक शिकाऊ पोरीकडं, एक हिच्याकडं,
दर मापाला एक टाचणी, उशीत.
तालमीच्या कट्ट्यावरून पोरं ओरडली,
"काय भाभी, गटारीला झंपर शिवताय काय?"
"तर! आधी माप तर घिऊ दे."

चौऱ्याण्णव टाचण्या.
एकशे एक्केचाळीस मीटर.
उरलेली एकाहत्तर मीटर गटार
सांडपाणी रोज शोधतं,
सापडली नाही की उंबऱ्यावर येऊन बसतं.

तीस दिवसांची मुदत. एकतिसाव्या दिवशी
ती खिडकीत. "वरती कोण कोण असतंय?"
तिच्याच बिलबुकाच्या पाठीवर काढून दिलं मी:
कनिष्ठ अभियंता, त्यावर उपअभियंता,
त्यावर शहर अभियंता, मग आयुक्त,
बाजूला लेखापरीक्षक, तुटक रेघेनं.
स्थायी समिती. महासभा.
निवडणूक लांबलेली; सभागृहात तेव्हा
धुळीचं स्पष्ट बहुमत होतं.

तिनं कागद उजेडात धरला,
कटिंगचा धरतात तसा.
"बाह्या लई हायत," म्हणाली,
"हात घालायला जागा दिसंना.
आन कापड कुणाचं, ते लिवायचं ऱ्हायलं."

मी हसलो. म्हटलं, भाभी, थोडं इकडंतिकडं होतंच,
शिवणीत तुम्हीपण माया सोडताच की.

"सोडते. आतल्या अंगाला.
गिऱ्हाईक उद्या भरलं अंगानं, तर
उसवून त्यालाच देता यावी म्हणून.
मला घर बांधायला नव्हं.
आन उरलेला तुकडा ब्लाउजात गुंडाळून देते,
बोटभर असला तरी.
कोण मागत न्हाई. पण देते."

पानाला दोन रुपये. तीन पानं, सहा रुपये.
तिनं सुट्टे दिले, पावती मागितली,
पावतीवरची तारीख दुरुस्त करून घेतली,
आणि तिथंच, खिडकीत,
चष्मा कपाळावरून खाली ओढून
बोट एकेका रकान्यावरून नेत
दुसऱ्या पानावर थांबली.
'तपासले.'
खाली आद्याक्षरं,
एका दुपारी, डबा उघडायच्या आधी,
चाळीस वह्यांवर एका दमात ओढलेली.

"ही सही कुणाची?"

मागं रांग. साहेबांचं दार अर्धं उघडं.
त्या बोळात मी कधी गेलोच नव्हतो.

"माझी," म्हणालो.

तिनं मान हलवली.
टेप बोटांभोवती गुंडाळत म्हणाली,
"मग चला की.
दुसरं टोक धरायला माणूस लागतंय."