घर बंद, रीडिंग तेच

दर महिन्याच्या सात तारखेला माझी पायपीट सुरू होते,
नवाबागेपासून मांडवीच्या खाडीपर्यंत,
सहाशे चाळीस मीटर,
प्रत्येकाचा एक फोटो.
आकडा स्वच्छ दिसला पाहिजे, सावली नको, बोट नको,
एवढंच आम्हाला शिकवलेलं.

भिंतींबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

आधी भेटला बांगडा,
मासळी बाजारामागे, मुतारीच्या वळणावर,
बारा हात लांब,
आणि गच्चीच्या पन्हळीचं तोंड बरोबर त्याच्या डोळ्यात.
मग बालवाडीची सूर्यमाला.
शनीच्या कड्यात नळाची तोटी बसवलीय,
पोरं शनीचं पाणी पितात.
सलूनच्या कुडावर वाघ, ज्याच्या मिशा कोणीतरी मागाहून कातरल्यात.
बर्फाच्या कारखान्याला नुसतीच निळी रेघ,
कमरेइतक्या उंचीवर, लांबच लांब.
हे चित्र आहे का, विचारलं
तर बर्फ फोडणारा म्हणाला, "रंग संपलो."

संध्याकाळी आकडे ऑफिसला जातात.
भिंती माझ्याकडे राहतात,
नवऱ्याच्या वाढदिवसाच्या केकच्या
आणि गॅसच्या पावतीच्या मधे.

ग्राहकाचं नाव बस्त्यांव ब्रिटो.
चिऱ्याचं घर, गिलावा फक्त रस्त्याच्या अंगाला,
त्यावर एक म्हातारा उकिडवा,
डोळे मिटलेले, डावा कान पुढे,
आणि कानाशी जिथे रेडिओ हवा
तिथे मीटर.
खरा. आमचा.
त्याच्याभोवती रेडिओ रंगवलेला, दोन बटणं,
वर एरियल,
ती जाऊन मिळते थेट खांबावरून आलेल्या वायरला.

मी अर्धा मिनिट उभी राहिले.
सहाशे चाळीस मीटरांत अर्धा मिनिट पुष्कळ होतो.

शेजारच्या शेवंती गिरप सुकं वाळत घालता घालता म्हणाल्या,
"तो त्येचो बापूस.
वाऱ्याची खबर ऐकल्याबगर होडी लोटी नाय.
पोरगो होडयेंची नावां रंगवी.
आता बाहरीनाक, मोठी जहाजां रंगवता.
जाताना उरलेलो रंग ह्या भिंतीक लायलो."

ऑक्टोबरात चार हजार चारशे अठरा.
नोव्हेंबरात चार हजार चारशे अठरा.
शेऱ्याच्या खान्यात मी लिहिते: घर बंद, रीडिंग तेच.
फोटो ओळीने लावले तेव्हा दिसलं,
आकडा हलत नाही,
म्हातारा हलतो.
डिसेंबरात खारं वारं त्याच्या गुडघ्याला लागलं.
फेब्रुवारीत सदऱ्याचा पिवळा उडाला.
होडीचा रंग तो,
पाण्याशी लढायला केलेला,
उन्हाचं त्याला कोणी सांगितलंच नसावं.

मार्चात नवे मीटर आले.
ते स्वतःच स्वतःला वाचतात.
कंत्राटदाराच्या पोरांनी जुना उपटला,
नवा थोडा खाली ठोकला, उंचीचा नियम बदललाय म्हणे.
म्हातारा आता सिमेंटच्या चौकोनाला कान लावून बसलाय.
चार स्क्रूंची चार भोकं,
एकातून मुंग्यांची ये-जा.

शेवंतीबाईंकडून नंबर घेतला.
सहा फोटो पाठवले, ऑक्टोबर ते मार्च.
सोबत काय लिहावं सुचेना,
म्हणून त्याचा ग्राहक क्रमांक लिहिला.

दोन दिवस काही नाही.
मग रात्री उशिरा: "मीटर बदललो?"
हो.
"कितको खाली?"
वीतभर असेल, मी म्हटलं.
बराच वेळ तो काहीतरी टाइप करत होता, थांबत होता,
पुन्हा टाइप करत होता.
आलं ते एवढंच:
"मे म्हयन्यात येतंय.
कान वायच खाली घेवक होयो."

सात एप्रिलला त्या भिंतीकडे माझं काही काम नव्हतं.
शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन गेले.
साडेआठ इंच.
तेवढं रीडिंग कळवलं.