ब्रश

वाल्गातल्या शाळेच्या जिममध्ये, फेब्रुवारीतला रविवार.
राखाडी गालिच्यावर दोन-दोन वितीच्या गाड्या धावताहेत.
बाहेर उणे अठरा, खिडकीला आतूनही बर्फ.
लीसबेत आली. वय अकरा, ओठावर कोकोची मिशी.
म्हणाली, एंडेल, बॅटरी गेली.

बॅटरी नाही गं. दे इकडे.

तीस वर्षं मी रेल्वेच्या डेपोत होतो,
तिथल्या मोटरी माझ्या छातीला लागायच्या.
ही मुठीत मावते.
दुखणं तेच.

वीज देऊ नकोस. आस नुसता बोटांनी फिरव.
नवी मोटर अडत अडत फिरते, टक, टक,
चुंबक तिला सोडायला तयार नसतं.
ही कशी गुळगुळीत निघाली बघ.
आता आस वरखाली हलव. हलला ना?
काशाचा बुश आतून अंड्यासारखा झालाय.
वास घे. अजून जवळून.
वार्निश जळाल्याचा, बरोबर.

केरमो, दिवा घालव जरा.
मागच्या भोकांतून आत बघ, लीसबेत:
चांगली मोटर ब्रशपाशी तेवढी लुकलुकते,
हिच्यात ठिणग्यांचं पूर्ण कडं आहे, हिरवट.
ते तांबं जळतंय.
ती "किती छान" म्हणाली,
आणि मला पुढचं बोलायला जरा वेळ लागला.

दिवा लावला. ब्रश काढले.
झिजण्यासाठीच केलेला कार्बन तो,
तांदळाच्या दाण्याएवढा उरलेला.
स्प्रिंग तापून निळी, दाबात जोर नाही.
पुन्हा लेथवर घासून देशील?
दोनदा दिलं, म्हटलं. आता कातायला तांबं नाही उरलं.

तिनं जाकिटाच्या खिशातून खोका काढला.
नवी मोटर, प्लास्टिकही न फाडलेली.
कधी घेतलीस?
नाताळात.

मी विस्तव तापत ठेवला, म्हणजे सोल्डरिंगचा,
डेपोत आम्ही त्याला विस्तवच म्हणायचो.
ती म्हणाली, डेपोत कोण सांगायचं,
ही संपली म्हणून?
मीच. कागदावर. खाली सही.
मग दे, म्हणाली.

गुणपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी तारीख घातली, गाडीचा नंबर, एक ओळ.
सही करायच्या आधीच
कागदावर माझा काळा अंगठा उमटला होता.