पाचवा हिस्सा

सिटी सर्व्हेच्या बाबूनं विचारलं, मयताशी नातं?
मी म्हटलं, छत्तीस वर्षं.
त्यानं मान वर न करता लिहिलं:
पत्नी, हयात.

हयात.
पाचपावलीतल्या सहाशे साठ चौरस फुटांत
हा शब्द माझ्यासाठी कुणी वापरला नव्हता.
माग होता, कुलर होता, मी होते.

त्याच्याही आधी, तेरवीची बुंदी डब्यात होती तेव्हाच,
हेमराजनं कागद आणला होता.
हक्कसोडपत्र.
आई, फॉर्मॅलिटी आहे, तो म्हणाला,
तुला कोण काढून राहिलं घराबाहेर?

'स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना'
हे आधीच टाइप केलेलं.
माझी खुशी स्टॅम्प व्हेंडरकडून आली होती,
पाचशेच्या कागदावर.

हिशेब मला येतो.
ताण्याचे धागे मोजण्यात डोळे गेले माझे.
दोन मुलं, एक मुलगी, मी, सासू.
पाच. सारखे.
एकशे बत्तीस चौरस फूट:
म्हणजे ओटा, मोरी,
आणि भिंतीला उशी लावून
हे जिथं पहाटेपर्यंत खोकत बसायचे
ती जागा.

मी म्हटलं, आजीला विचार आधी.

त्यानं शाईची डबी उघडली.
गिरजाबाई त्या निळ्याकडे पाहत राहिल्या, पाहतच राहिल्या.
तुह्या आजोबाच्या वक्ती, त्या म्हणाल्या,
दिरानं अशीच डबी आनली होती.
कोरा कागद होता. मी म्हनलं, घरचाच मानूस.
गोळीबार चौकातली खोली, चार माग,
समदं त्या डबीत गेलं.
दोन दिवस अंगठा धुतला. शाई तेवढी गेली.

आणि त्यांनी अंगठा मुठीत घेतला,
तान्हं मूल घेतं तसा.

हेमराज उठला. गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली.
रात्री जेवायला येईल, बोलणार नाही.
वाईट वाटलंच. खोटं कशाला सांगू.
त्याच्या पहिल्या शाळेची फी
मी एका लुगड्याच्या मजुरीतून भरली होती,
हे त्याला सांगायचं राहून गेलं,
की सांगितलं होतं?

चहा टाकला.
गिरजाबाई भिंत चाचपत आल्या.
तुहा कोनता कोपरा वं?
मोरीकडचा.
बरं. मंग खिडकी माही.
खिडकीत कुलर आहे.
मंग कुलरही माहा.
आणि पाणी?
पानी तू भर.

टाकी खडखडीत होती.
मी बादली घेऊन उठले.