कुठे छापून आलंय?

वकीलबाई विचारतात,
तुमच्या कामाबद्दल कुठे छापून आलंय?

अस्टोरियातल्या तळघरात
मी ओल्या फडक्यावर पाय ठेवते,
पडद्यावरची बाई चिखलातून चालत जाते.
सेलरीची जुडी पिळली
की तिच्या नवऱ्याचं हाड मोडतं.
कुणाला कळलं नाही,
म्हणजेच जमलं.

तरी असामान्य गुणवत्तेची
तीनशे बारा पानं भरली.
पावत्या, करार, सहा शिफारसपत्रं.
टेरेन्सच्या पत्रात ‘अद्वितीय’ आहे.
मसुदा माझाच.
त्या शब्दापाशी अर्धा तास अडले,
चहा केला,
मग लिहिला.

आता गठ्ठा खोक्यात सरकवताना
आवाज होतो,
भुसभुशीत बर्फावरून
कुणी दबकत यावं, तसा.

पुन्हा बाहेर काढते.
पुन्हा सरकवते, जरा हळू.
माइक कुठे ठेवलाय?