जॉबर

वडगावात कुणाचा माग बिघडला की सटुप्पाला बोलावणं यायचं.
तो आधी हत्यारं काढायचा नाही,
शेडच्या दारात उभा राहून नुसतं ऐकायचा.
चोवीस मागांच्या खडखडाटात
कुठला धोटा जरासा उशिरा पोचतोय
ते त्याला तिथूनच कळायचं.
बरोबर चालणारा माग, म्हणायचा, मला ऐकूच येत नाही.

तीन वर्षं झाली,
धोटा त्याच्याच छातीत वेडावाकडा पळतोय.
रात्री मी त्याचं मनगट धरते.
एक, दोन –
काहीच नाही –
मग तीन ठोके एकदम,
जिन्याची पायरी चुकल्यासारखे.
"ऐकू येतंय गं सगळं," तो म्हणतो,
"पण पाना कुठं लावू?"

पहिली गोळी सहा महिने घेतली.
ती बंद करून दुसरी. तिनं उन्हात तोंड काळवंडलं,
ठोके होते तसेच.
मेथी-शेपू बेतानं, संध्याकाळी रक्त पातळ करायची अर्धी गोळी,
दर पंधरवड्याला बोटभर रक्त काढून चाचणी.

डॉक्टर हुक्केरींनी मग पाकिटाच्या मागं दोन रेघा ओढल्या.
"ही एकटी कमी पडते, ती पण एकटी कमी पडते.
दोन्ही मिळून देऊन बघू.
पण ॲडमिट व्हायचं.
नाही पटलं त्यांचं, तर भांडण काळजातच होतं."

छातीला तारा, उशाशी हिरवी रेघ.
तुटक्या ताण्याकडं बघावं तसा तो तिच्याकडं बघत पडायचा.
शेजारच्या खाटेवरून नीलव्वा विचारायची, "ईग हेंगैत्री?"
हा म्हणायचा, "बघुलोय की अजून."
तिला मराठी बोलता येत नव्हतं, ह्याला कन्नड बोलायचा कंटाळा,
आणि दोघांचं अडलं मात्र कधी नाही.

तिसऱ्या रात्री, पावणेचारला, त्यानं मला हलवलं.
"ऐक."
मी कान दिला. पंखा. लांब कुणाचा तरी खोकला.
"काहीच नाही की."
"तेच म्हणतोय मी."

सिस्टरनं कागदाची पट्टी ओढून दाखवली:
प्रत्येक उंच टोकाआधी एक बुटकी लाट,
तीन वर्षं बेपत्ता असलेली.
पट्टीची घडी करून त्यानं खिशात घातली,
सुट्ट्या पैशांजवळ.

टिकेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत.
घरी आल्यावरही मी मनगट धरते.
दोन मोजून सवयीनं थांबते,
चुकायची वाट बघत.
तिसरा येतो.